खिडकीखालचा डबा

माय, आज मी जिंकले! सगळ्यांत आधी तुलाच सांगावंसं वाटलं, आणि तुला जाऊन तर किती वर्षं झाली.

दीपनगरला आबांना मोठं क्वार्टर मिळालं, ते आठवतं का गं? घर कुठलंही असो, तू आधी शेगडी मांडायचीस. मग तिच्या डाव्या हाताला साखर, साखरेपलीकडे मीठ, खाली पीठ. नव्या घरात सामान लागतंय न लागतंय तोच आबांचे साहेब दारात. मी घाईघाईनं चहा ठेवते. जुन्या घरात साखर खिडकीखाली असायची, म्हणून इथंही खिडकीखालचा डबा उचलते. साहेबांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मीठ! तू त्यांच्यासमोरच तुझ्या धुळ्याकडच्या अहिराणीत कडाडलीस, "खिडकी काय धरी बठनी? शेगडी धर, शेगडी! बठ्ठं शेगडीपाईन शे!" खिडकी धरून काय बसलीस, सगळं शेगडीपासून मोजायचं! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. साहेब मात्र पोट धरून हसले.

आता मी जळगावात. आमचा प्रोग्राम केळीच्या बागांचे पंप चालू-बंद करतो. प्रोग्राम म्हणजे बिऱ्हाडच, माय. मेमरीत आपण अमुक जागी उतरणार असं तो आधीच धरून चालतो, आणि आतले पत्ते त्याच हिशोबानं लिहिलेले असतात. ती जागा दुसऱ्यानं अडवली असेल तर त्याला सरकवून बसवायचं, आणि जितका सरकला तितका फरक त्या प्रत्येक पत्त्यात मिळवायचा. हे करणारा लोडर मी लिहिला होता. पण जागा बदलली की आमचा प्रोग्राम मान टाकायचा. आमचे वरिष्ठ, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, सकाळीच म्हणाले, "आज झालं नाही तर काम पुण्याला जाईल. तूही मग दुसरीकडं बघ."

डोकं नुसतं तापलं होतं. डबा उघडला, पहिला घास घेतला आणि तुझा तो आवाज आठवला. डबा तसाच ठेवून उठले. कोण अजून जुन्या घराची खिडकी धरून बसलंय, ते शोधायला लागले. सापडला! एक पत्ता कुणीतरी हातानं साधा आकडा म्हणून लिहून ठेवला होता. तो पत्ता आहे हे लोडरला कळणार कसं? बाकी सगळे सरकले, हा तिथंच. आणि लिहिला होता खुद्द भाऊंनी! मी तो प्रोग्रामच्या सुरुवातीपासून मोजायला लावला. मग मुद्दाम इकडं बसवून पाहिला, तिकडं बसवून पाहिला. कुठंही टाका, गडी चालतोच! भाऊ आधी लाल झाले, मग म्हणाले, "मानलं बुवा तुला." काम इथंच राहिलं आणि मीही.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? पिठाच्या डब्यामागं ठेवून देते. एक सांगते, ओरडू नकोस. माझ्या घरात साखर खिडकीखालीच आहे. रोज सकाळी तिकडं हात गेला की तू ओरडतेस, म्हणून.