रस्ता मोकळा आहे

३ नोव्हेंबर
संस्थेकडून नवीन केस. वनमालाताई, इचोड्याच्या शाळेत क्लार्क. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. घर ते शाळा एकटीनं जायचंय, मधे मेन रोड. सध्या दीर चंपतराव गाडीवर सोडतात आणि रोज काहीतरी ऐकवतात. ताई म्हणाल्या, सर, मले पांढरी काठी शिकवा, कोणाच्या मागं बसून जायचं नाई आता. मी म्हटलं, जानेवारीत एकट्या जाल, माझी गॅरंटी. आपलं काम म्हणजे निम्मा कॉन्फिडन्स.
परत येताना पेरूच्या हातगाडीला धडकलो. लोक कुठेही गाड्या लावतात. ट्रॅफिक सेन्स शून्य.

१० नोव्हेंबर
ताईंची प्रोग्रेस उत्तम. कानाने रिक्षा आणि ट्रॅक्टर वेगळे ओळखतात. काठी टेकवायचा ऱ्हिदम जमला.
घरी जेवायला बसताना भाताच्या पातेल्यात पाय गेला. प्रीती म्हणाली, समोर तर होतं. समोर नव्हतं, बाजूला होतं. माझी बायको असूनही तिला डावं-उजवं कळत नाही. बल्ब मोठा आणला.

१८ नोव्हेंबर
संकल्प: संध्याकाळनंतर स्कूटी चालवायची नाही. कारण आरोग्य. लवकर घरी, लवकर जेवण.
हल्ली पेनं फिकट येतात. जाड मार्कर घेतला.

२६ नोव्हेंबर
प्रीतीने पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय काढला. तुमच्या मामांचंही असंच सुरू झालं होतं म्हणे. मामांची केस वेगळी. ते जन्मभर उन्हात राबले, मी फील्डवर असलो तरी टोपी घालतो. शिवाय लोकांना डॉक्टरकडे पाठवणं हे माझंच काम आहे. मला कळणार नाही का? तरी जानेवारीनंतर जाऊ असं सांगून वाद मिटवला. झोप मात्र आली नाही.

७ डिसेंबर
ताईंनी विचारलं, सर, तुमी पायरीपाशी काऊन थांबता दरवेळी? म्हटलं, तुम्हाला वेळ मिळावा म्हणून. त्या काठी टेकवत पुढे निघाल्या. चांगल्या शिक्षकाचा पेशन्स सगळ्यांना समजतोच असं नाही.

१९ डिसेंबर
लिहावंसं वाटत नाही.
मेन रोड क्रॉसिंगची प्रॅक्टिस होती, ऊन उतरल्यावर. कापसाचे ट्रक जाऊ दिले. ताई काठी धरून उभ्या, कान देऊन. म्हणाल्या, सर, डाव्या बाजूनं काहीतरी येऊन राह्यलं. मी डावीकडे पाहिलं. नीट पाहिलं. काही नव्हतं. म्हटलं, रस्ता मोकळा आहे, चला.
मोटरसायकल होती. ताई पडल्या, उजवं मनगट मोडलं. मला खरचटलंही नाही. मोटरसायकलवाला उठला आणि ओरडला, दिखता नहीं क्या. ताईंच्या हातात काठी होती, तरी तो माझ्याकडे बघून म्हणाला.
गाडी फार वेगात होती. हेडलाइट लावला नव्हता बहुतेक.

२० डिसेंबर
संस्थेला कळवलं. वेग, हेडलाइट, सगळं सांगितलं. मग दवाखान्यात गेलो. चंपतराव बाहेर बाकावर बसले होते. एरवी बोलायचं थांबत नाहीत, आज सरकून जागा दिली फक्त.
ताई म्हणाल्या, मले ऐकू येत होतं सर. पण तुमाले दिसते, म्हणून मी निंगाली.
मी निघालो. दाराच्या चौकटीला खांदा लागला. चौकट अरुंद आहे.

२ जानेवारी
प्रीतीबरोबर आदिलाबादला गेलो, तिच्या समाधानासाठी. मशीनमध्ये डोकं घालून बसायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ ठिपका आलाच नाही. मशीन बंद आहे का विचारलं. चालू होतं.
डॉक्टर समजावायला लागले, रेटिनायटिस पिगमेंटोसा, आधी रात्रीचं जातं, मग कडांचं. पुढची वाक्यं मीच पूर्ण केली. घरोघरी जाऊन हेच सांगतो मी. प्रीतीने माझा हात धरला, तोही चुकीच्या पद्धतीने. न दिसणाऱ्याने सोबत्याचं कोपर धरायचं, असं आपण शिकवतो. सांगितलं नाही.

११ जानेवारी
ताईंच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. उभ्यानेच. त्यांचा हात प्लास्टरमध्ये, समोर चहा गार होत होता. त्यांनी विचारलं, मंग आधी काऊन नाई सांगितलं? मी म्हटलं, जानेवारीनंतर बघणार होतो. त्या म्हणाल्या, जानेवारीच चालू आहे सर.
पुढे म्हणाल्या, संस्थेला सांगा, दुसरं कोणी पाठवा. मी शाळेत जाणारच आहो. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० जानेवारी
ताईंकडे आता अर्पिता जाते. मागच्या वर्षी मीच ट्रेन केलेली मुलगी. संध्याकाळी तासभर माझ्याकडे येते. मी तिला स्पष्ट सांगितलं, मला थिअरी पाठ आहे, फक्त प्रॅक्टिस हवी, आठवड्यात उरकू. ती हो सर म्हणाली. तिने माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली, हातात काठी दिली, अंगणातून फाटकापर्यंत जायचं.
दोनचार पावलांवर तिने थांबवलं. म्हणाली, सर, काठी घट्ट आवळलीत, हात सैल सोडा.
माहीत होतं मला. सुटला नाही.