कोरडी फरशी

छत्रपती संभाजीनगर,
१२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सुकेशनीताई,

तुम्हाला आणि घरी सर्वांना जय भीम. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून अजिंठ्याच्या पत्त्यावर लिहितो आहे. आठवीनंतर पत्र लिहिलेलं नाही, चुकलं तर समजून घ्या. हाताचं प्लास्टर निघालं का? झोप लागते का?

आपल्या मनोरुग्णांच्या वॉर्डात तुमच्या जागी मेघा सिस्टर आल्या आहेत. गोळ्या देताना पेशंटच्या आणि स्वतःच्या मध्ये ट्रॉली आडवी ठेवून लांबूनच हात पुढे करतात. कडुबा आता शांत आहे. काल म्हणाला, "भिकन, ती गोळीवाली बाई माझ्यावर रुसली का रं?" त्याला त्या दिवसाचं काही आठवत नाही. मी नुसतं "व्हय" म्हणालो.

रजिस्टरमध्ये "सिस्टर पाय घसरून पडल्या" असं आहे, हे तुम्हाला कळलं असेल. अक्षर माझं आहे. ते चांगलं आहे म्हणून मॅनेजर साहेब मलाच बसवतात. "मारलं-बिरलं लिहू नको, दवाखान्याचं नाव जातं. घसरल्या लिही." वर्षात सात जण घसरले. पाचवा मीच. कडुबानं माझा गळा धरला होता, तेव्हाही मी तेच लिहिलं.

फरशी मीच पुसतो, ताई. सकाळी दहाला, इंजेक्शनच्या वेळी, ती कोरडी असते.

त्या दिवशी मी पाणी आणायला गेलो होतो, असं सगळ्यांना सांगितलं. तुम्हालाही.

गेलो नव्हतो. इंजेक्शनला आत दोघं पाहिजेत. तुम्ही कडुबाच्या खोलीत गेलात, मी बाहेर राहिलो आणि कडी लावली. तुम्ही "भिकन, ये रे, भिकन" म्हणत होतात तेव्हा माझा हात कडीवर होता. काढली, पण तोवर तुमचा हात मोडला होता. साहेबांनी सांगितलं नसतं तरी मी "घसरल्या" असंच लिहिलं असतं.

तुम्ही मेघा सिस्टरांना म्हणालात म्हणे, "चूक माझीच, मी पाठ फिरवली." तुम्ही पाठ फिरवली नव्हती. मी काचेतून पाहत होतो.

सोबतच्या कागदावर कडीसकट सगळं लिहून सही केली आहे. तसाच एक कागद आज रजिस्टरमध्ये चिकटवला. आता कामावर ठेवणार नाहीत. तसंही आता मला कडीला हात लावणं होत नाही. घरचं दारसुद्धा आई लावते.

एकदा फोन करा. शिव्या द्या, पण स्वतःला दोष देऊ नका.

दाराबाहेर उभा राहिलेला,
भिकन