'ड्रिफ्ट अपार्ट'चं वाक्य

मंगळवार, संध्याकाळ. अमरावती.

आज नववीत 'ड्रिफ्ट अपार्ट' शिकवलं. म्हणजे भांडण न होता हळूहळू दुरावणं. वाक्य करा म्हटलं, तर वलगावची प्राची उठली. "तुम्ही आणि रेखा मॅडम ड्रिफ्टेड अपार्ट." पोरी हसल्या. वाक्य बरोबर होतं.

म्हणजे पोरींनाही दिसतं! अकोल्याहून नवी मॅडम आल्यापासून रेखा तिच्याच डब्यात जेवते. बारा वर्षं माझ्या डब्यात जेवली. हो, जळते मी.

मधल्या सुट्टीत त्या दोघींच्या मधोमध खुर्ची ओढली. रेखा म्हणाली, "काहून वं, इतके दिवस कुठी होती? मले वाटलं, तूच रागावली."

रागावले होते का मी? होतेच. पण नाही म्हटलं आणि तिच्या डब्यातलं भरीत घेतलं. नव्या मॅडमनं ठेचा पुढे केला. तो नाही घेतला.