दुसऱ्या बेसवरचा निर्णय

हॅरो,
रविवार सकाळ, जुलै २००७

प्रिय नीना,

तुझा फोन आल्यापासून आज लिहू, उद्या लिहू असं चाललंय. ग्लासगोच्या शाळांमधल्या मुलींच्या सॉफ्टबॉलला तुम्ही आता सगळीकडे एकच अंपायरिंगची पद्धत लावणार, म्हणून आमच्याकडे ती कशी रुजली हे तुला हवं होतं. फोनवर मी काहीतरी घाईघाईत सांगून सुटका करून घेतली. नीट सांगायचं तर लिहायलाच हवं.

आमच्याकडे आधी बाबा लोकांचं राज्य होतं. ज्याची मुलगी खेळते तो अंपायर. बहुतेक सगळे क्रिकेटमधले, त्यामुळे आउट दिलं की बोट वर. कुणी कुठेही उभा राहायचा, एक जण तर सावली बघून. एकाच मुलीला एक आउट द्यायचा, दुसरा सेफ, आणि मग पालकांमध्ये जुंपायची. मुली बिचाऱ्या बॅट हातात घेऊन बघत बसायच्या. शेवटी दोन शाळांनी कळवलं, असंच चालणार असेल तर आम्ही लीग सोडतो. तेव्हा कुठे कमिटीनं देशभर चालते ती पद्धत घ्यायचं ठरवलं. दोन अंपायर, एक बॅटिंगच्या जागी जमिनीत बसवलेल्या होम प्लेटमागे, एक बेसपाशी. कुणी कुठे धावायचं, कुठल्या कोनातून बघायचं, हात कसा करायचा, सगळं ठरलेलं. आणि मुख्य म्हणजे ज्याचा निर्णय त्याचाच. दुसऱ्यानं आपणहून मधे पडायचं नाही. विचारलं, तर मात्र जे दिसलं ते सांगायचं.

सगळ्यात जास्त विरोध शशिधरचा. तुला माहीतच आहे माझा नवरा. हॉस्पिटलमध्ये त्याच्या शब्दापुढे कुणी बोलत नाही, तीच सवय मैदानावर. “या वयात हातवारे शिकायला क्लासला जायचं का आता?” असं भर मीटिंगमध्ये म्हणाला, लोक हसले. मी अंपायरिंगच्या कोर्सला नाव घातलं. कपाटाच्या आरशासमोर मूठ वळून ‘आउट’ करायची प्रॅक्टिस करायचे, तर एकदा जेवायला आलेल्या पाहुण्यांसमोर त्यानं माझी नक्कल करून दाखवली. नक्कल छान केली होती गं. मीही हसले. भांडी घासताना मात्र रडू आलं, ते नळाच्या आवाजात कुणाला कळलं नाही. लग्नानंतर या देशात आल्यापासून माझं इंग्लिश, माझं ड्रायव्हिंग, माझी लायब्ररीतली नोकरी, प्रत्येक गोष्टीत त्यानं चार लोकांत माझी चूक काढलीय. प्रेमानंच काढतो, असं सगळे म्हणतात.

पुढे कोर्स सक्तीचा झाला आणि त्याला यावंच लागलं. इथे मला त्याच्याबद्दल खरं सांगायला हवं. पहिल्या दिवशी तो रुसल्यासारखा बसला होता, पण एकदा पटल्यावर मनापासून शिकला. मागच्या गार्डनमध्ये उलट्या कुंड्या बेस म्हणून मांडून धावायचा, दम लागेपर्यंत. मला विचारायचा, “स्वाती, आता माझा कोन बरोबर आहे का?” हा प्रश्न त्यानं मला विचारावा याचीच मला गंमत वाटायची. मॅचमध्ये एकमेकांना कसं विचारायचं तेही आम्ही ठरवलं होतं. त्याला शंका आली तर त्यानं टोपीला हात लावायचा. मला काही दिसलं असेल तर मी चालत त्याच्याकडे जायचं. नसेल दिसलं तर जागेवरच थांबायचं.

या महिन्यात फायनल होती. मी प्लेटमागे, तो बेसवर. शेवटचा डाव, तनिषाची शाळा एका रननं मागे, दोघी आधीच आउट, तिसरी गेली की मॅच संपणार. तनिषा म्हणजे माझ्या मैत्रिणीची, रेखाची मुलगी, पंधरा वर्षांची, चष्मा लावून खेळणारी. तिनं लांब मारला आणि दुसऱ्या बेसवर झेपावली. तिथल्या मुलीनं तिला ग्लव्ह लावला, पण बॉल ग्लव्हमधून सुटून गवतावर पडला, म्हणजे तनिषा सेफ. ती मुलगी शशिधरच्या आणि बॉलच्या मधे होती. त्याला दिसणं शक्यच नव्हतं. मला लख्ख दिसला. त्यानं मूठ वर केली, आउट.

तनिषाच्या कोचनी टाइम मागितला आणि त्याला शांतपणे विनंती केली, पार्टनरला विचारा. जुना शशिधर असता तर त्यांना मैदानाबाहेर काढलं असतं. पण त्यानं सगळ्या पालकांच्या देखत माझ्याकडे वळून टोपीला हात लावला. नीना, आमच्या संसारात त्यानं चार लोकांसमोर मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं. आणि मी खिशातून ब्रश काढला, खाली वाकले आणि स्वच्छ असलेली प्लेट झाडत बसले.

नजर चुकली नव्हती माझी. मी गेले असते तर चूक तिथेच सुधारली असती; एकदा तरी ती सगळ्यांसमोर त्याच्याच माथी राहू दे, एवढंच मनात आलं होतं. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग कोचना सांगितलं, निर्णय कायम. मॅच संपली. लोकांनी त्याला नको ते ऐकवलं, रेखा आमच्याशी न बोलता निघून गेली. आणि कोर्स घेणाऱ्या बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, पार्टनरच्या निर्णयात न पडणं कसं असावं हे आज तू दाखवलंस. मी थँक यू म्हणाले. गाडीत शशिधर म्हणाला, “तुलाही नाही ना दिसलं? मग कुणालाच दिसलं नसणार.” मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तू फोनवर म्हणालीस, त्या बाईंनी तुला माझीच गोष्ट सांगितली, ती तुम्ही ट्रेनिंगमध्ये उदाहरण म्हणून घेणार, आणि सप्टेंबरमध्ये शिकवायला मीच यावं. म्हणून हे पत्र. मी येणार नाही. उदाहरण मात्र घ्या, खरं घडलं तसं, माझं नाव घालून. विचारल्यावर गप्प बसणारा पार्टनर काय करतो ते तुझ्या लोकांना कळू दे. काल मी शशिधरला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “त्या मुलीला सांगितलंस?” आज दुपारी रेखाकडे जायचंय, तनिषाला सांगायला, की तू सेफ होतीस. मी एकटीच जाते म्हटलं, तर तो गाडीची किल्ली घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, “आउट मी दिलं होतं.”

खाली मान घालून,
तुझीच
स्वाती