डोंबिवलीची जागा

गुरुवार, १२ नोव्हेंबर १९५३, संध्याकाळ

आज ह्यांच्याबरोबर डोंबिवलीची जागा पाहून आले. दोन खोल्या, पुढे अंगण, मोकळी हवा. हे हरखूनच गेले. "आपल्या ठाण्यात, कोपरीत, नगरपालिकेने घरपट्टी वाढवली की मालक भाडं वाढवतो. इथे पट्टी नावालाच!"

खरंय. पण तिथे नळही नाही. विहीर, तीही चांगली खोल. एक कळशी ओढून पाहिली, तर दंड भरून आले. गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं, तेव्हाही मी पाणीच भरत होते ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसा काही संबंध नसतो. नसेलही. पण ती विहीर डोळ्यांपुढून हलेना.

घरी आल्यावर हे होकाराचं पत्र लिहायला बसले. मी एकदम बोलून गेले, "अहो, मला दिवस गेलेत. दुसरा महिना आहे."

ह्यांनी टाक खाली ठेवला. "मग ठाण्यातच राहू. भरू पट्टी."

किती सहज म्हणाले! आणि मी? एवढी आनंदाची बातमी, ती घर अडवायला वापरली.

मघापासून हे मला साधा पाटसुद्धा उचलू देत नाहीत. म्हणजे भीती त्यांनाही आहे. वर्षभर बोलले नाहीत, इतकंच.