दोन मतं पक्षाला, एक मास्तरांना

आबा, दुपारची चूल निवल्यावर हा कागद पुढ्यात घेतला. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, ह्यांना जाऊन सात. दोघांपैकी कुणाला सांगावं असा विचार करत बसले होते. पण ह्यांच्याशी बोलून झालेलं होतं, तुमच्याशी राहिलंय.

मी लहान असताना तुम्ही कर्जतच्या भातगिरणीत होतात आणि मी तुमची भाकर घेऊन यायची. हमाल ज्या व्यापाऱ्याचं नाव पुकारून पोतं उचलायचे, ते नाव पोत्यावर कसं दिसतं हे मी बघून ठेवायची. तशीच अक्षरं लागली. एकदा चुलीपुढे पुडीचा कागद वाचत बसले आणि भाकर करपली. तुम्ही कागद हातातून घेतलात नि चुलीत घातलात. "वाचून पोट भरतंय का गं?" एवढंच म्हणालात. मी रडले नाही. घरात वाचणं तेवढं सोडलं.

आता ऐका. लढाई संपली आणि असेंब्लीची निवडणूक आली. बाईला मत मिळायचं ते बहुतेक नवऱ्याच्या शेताच्या जोरावर, नाहीतर लिहिता-वाचता येत असेल तर. मी सासरहून, कडावहून चालत कर्जतच्या कचेरीत गेले. कारकुनाने सरकारी कागद पुढे टाकला, वाचा म्हणाला. वाचला, कुठेही अडले नाही. यादीत नाव आलं, आणि ते माझ्या वाचण्यावर आलं.

आमच्याकडे तीन जागा, म्हणून प्रत्येकाला तीन मतं. पक्षाचे तिघे उभे होते. चौथे खालापूरकडचे एक मास्तर, एकटेच. लढाईत सरकार घरोघरचं भात उचलून नेत होतं, तेव्हा ह्याच मास्तरांनी साहेबासमोर उभं राहून सांगितलं होतं की आधी घरच्यांच्या पोटापुरतं ठेवा, मग उरलेलं मोजा. माझ्या कणगीत भात राहिलं ते त्यामुळे. पक्ष स्वराज्य आणणार, ते मला हवंच होतं. मास्तरही हवे होते.

माझे दीर पक्षाचं काम करत. त्यांनी आळीतल्या सगळ्या बायकांना बजावलं, तिन्ही मतं पक्षालाच द्या, फोडलीत तर तिन्ही बाद. ते खोटं बोलत नव्हते, त्यांची तशी समजूतच होती. मला मात्र वेगळं गाठून म्हणाले, "वयनी, मत भायेर गेलं तर या घरात परत येऊ नका." दुसरं घर मला नव्हतं.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर नोटीस होती. मी रांगेत उभी आहे आणि वाचतेय: मतदाराने आपली तीन मतं एकाला द्यावीत किंवा वाटून द्यावीत, त्याची मर्जी. पुन्हा वाचली. मग मोठ्याने वाचली. मागची म्हातारी म्हणाली, "अगं, पुना वाच. मास्तराला येक द्यायचं हाय, पन बाद नको व्हाया." पुन्हा वाचली. तेवढ्यात दीर आले. कोण सांगतं हे तुम्हाला, म्हणून विचारू लागले.

"भिंत सांगतेय, भावोजी."

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. दीर भिंतीशी गेले, बोट लावून सगळी नोटीस वाचली. "असं हाय व्हय," म्हणाले आणि बाजूला झाले. आत जाऊन मी दोन मतं पक्षाला दिली, एक मास्तरांना.

पक्षाचे दोघे आले आणि मास्तर आले. आळीतल्या बायका विहिरीवर अजून सांगतात की मास्तर आम्ही आणले. मी त्याच घरात राहते. निकालाच्या दिवशी दिरांनी पेपर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तुमीच वाचा वयनी, तुमचं बेस चालतं." जावेने माझ्या हातावर गूळ ठेवला. आबा, मला इतकं मोठं झाल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

हा कागद कुठे धाडायचा नाही, तर एक सांगून टाकते. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे मला गिरणीतच कळलं होतं. मालकाची चिठ्ठी आली की तुम्ही ती मुकादमाकडे सरकवायचात, मी शेजारी उभी असले तरी. परक्या म्हातारीला मी भर रांगेत दोनदा वाचून दाखवलं. तुम्हाला मात्र, शिकवू का आबा, असं एकदाही विचारलं नाही. तुम्ही रागवाल ही भीती नव्हती. मला येतं आणि तुम्हाला येत नाही, हे मला बरं वाटायचं.