मीच सांगितलं, वड्या खाऊ नको

१२ जाने., सोम.
ऑफिसला गेले. डावा हात दुपारपर्यंत सुजला, टेबलावर उशी ठेवून त्यावर ठेवला. नवीन क्लार्क बघत होती, मग बघणं सोडलं. गोळी घेतली. छातीच्या गाठीच्या ऑपरेशनला तेरा महिने झाले, गोळी अजून किमान चार वर्षं.

संध्याकाळी जाऊबाईंचा कल्याणहून फोन. आधी मेसेज पाठवला होता, मग वाचला का विचारायला फोन. सोयाबीनमध्ये बायकांचं हार्मोन असतं म्हणे, छातीच्या गाठीला ते खतपाणी. "तू तर रोज खायचीस गं. सगळ्या जव्हारला खायला लावायचीस."

खरंच आहे. वीस वर्षं अंगणवाड्यांची सुपरवायझर. प्रत्येक पाड्यावर हेच सांगत आले. मटण परवडत नाही ना, सोयाबीनच्या वड्या घ्या. पीठ दळताना मूठभर सोयाबीन टाका. स्वतःच्या घरीही तेच केलं.

डब्यात अर्धा किलो वड्या होत्या. पिशवी बांधून मागच्या दाराशी ठेवली. ह्यांनी विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, जुन्या झाल्यात.

१९ जाने., सोम.
दाभोसा. येसूकडे गेले. येसू तिथल्या अंगणवाडीची मदतनीस, अडतीस वर्षांची. दिवाळीआधी मला कोपऱ्यात नेऊन म्हणाली होती, बाई, तुमच्यासारखी गाठ माझ्या पन हाताला लागते. नाशिकला मीच घेऊन गेले. आधी केमो, मग ऑपरेशन ठरलंय. तीन डोस झालेत. डोक्याला रुमाल, त्यावर पदर, हसली की पहिल्यासारखीच दिसते.

चुलीवर वड्यांचंच कालवण होतं. माझ्या तोंडून निघून गेलं.

"येसू, ह्या वड्या खाऊ नको आता. आपल्या आजाराला वाईट असतात."

"मंग काय खाऊ, बाई?"

अंडी, दूध, मूग म्हटलं. त्या घरात दूध कधी पाहिलं नाही, तरी म्हटलं. तिच्या सासूने कालवणाचं पातेलं खाली उतरवलं आणि बाहेर कुत्र्याला ओतलं. लगेच. माझ्यासमोर.

जीप उशिरा. गो. घेतली.

२५ जाने., रवि.
काही नाही. कपडे, झोप. मुलीचा पुण्याहून फोन. आवाज असा का, म्हणाली. झोपले होते म्हटलं.

३ फेब्रु., मंगळ.
दुपारी येसूच्या नवऱ्याचा फोन, नाशिकच्या दवाखान्यातून. काशिनाथ मोठ्याने बोलतो, आज आवाज नव्हता.

"बाई, डोस नाय दिला. वजन चार किलो कमी झाला. रगत पन कमी. बोलले, खाऊनपिऊन दोन आठवड्यानी या."

डोस चुकला. चार किलो. पंधरा दिवसांत.

५ फेब्रु., गुरु.
रजा टाकून दाभोसा. येसू पडवीत गोधडीवर. उठायला लागली, उठू दिलं नाही. काय खातेस, म्हटलं. भात. आणि? भाताची पेज. आणि?

सासू बोलली. "सोयाबीन म्हंजे डाळच ना, बाई. मंग मी सगळी डाळ बंद केली. तूर नाय, वाल नाय, उडीद नाय. उगाच कशाला."

आणि अंडी? कोंबडी खुडूक बसली आहे, अंडी तिच्याखाली आहेत.

म्हणजे मी एक काढलं, त्यांनी सगळंच काढलं. सुनेला जपायला. म्हाताऱ्या बाईवर रागावणार कुठल्या तोंडाने. डाळी चालू करा, आजपासून, म्हटलं. अंडी गावातून गोळा करून दिली. वडीचं काही बोलले नाही. कारण मलाच माहीत नव्हतं.

निघताना अंगणवाडीत डोकावले. सेविका म्हणाली, बाई, चार घरच्या बायका पोरांना वडीची भाजी देऊ नका म्हणतात. सातवा महिना लागलेली सुमन, तिने पण सोडली. मी म्हटलं कोणी सांगितलं.

"तुम्हीच ना, बाई."

८ फेब्रु., रवि.
मनात तेच. कोणाला विचारलं होतं मी? कोणालाच नाही. मेसेज वाचला आणि खरा मानला. नाशिकची डॉक्टर दर तीन महिन्यांनी विचारते, काही शंका? दर वेळी नाही म्हणते. आता परवा जायचंय, विचारलं आणि ती हो, सोयाबीननेच, म्हणाली तर? मग वीस वर्षं मी स्वतःच्या हाताने

पुढे लिहवत नाही.

१० फेब्रु., मंगळ.
नाशिक. माझी तपासणी. सकाळची एस.टी., जव्हारपासून उभ्याने, त्र्यंबकला जागा मिळाली. हा. दु. (हात दुखला, दांडा धरून.)

डॉक्टर मुलीच्या वयाची. तपासून झाल्यावर काही शंका म्हणाली. या वेळी विचारलं.

ती म्हणाली, सोयाबीन, वड्या, सोयाचं दूध, जेवणात खा. चालतं. तुमची गोळी चालू असली तरी चालतं. त्यात हार्मोनसारखं दिसणारं काहीतरी असतं, पण ते आपलं हार्मोन नाही, शरीरात तसं वागत नाही. सोयाच्या अर्काच्या कॅप्सूल, डबेच्या डबे पावडर, ते मात्र मला विचारल्याशिवाय घेऊ नका.

"मी वीस वर्षं खाल्लं."

"बरं केलंत."

"मग मला त्याने नाही झालं?"

तिने पेन खाली ठेवलं. "त्याने नाही झालं, काकू."

हलकं वाटायला हवं होतं. चपलेचा अंगठा तुटत आला होता, तोच बघत बसले. मग येसूचं सांगितलं, सगळं, मी काय बोलले तेही. ती ओरडली नाही. कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दिलं: वड्या खाव्यात, डाळी खाव्यात, अंडी खावीत. खाली सही. म्हणाली, उपाशी राहणं तिला जास्त महागात पडेल.

परतीच्या गाडीत झोपले. जव्हार स्टँडवर कंडक्टरने उठवलं.

१२ फेब्रु., गुरु.
दाभोसा. कागद घेऊन. काशिनाथने अक्षर अक्षर लावून वाचला, सासूला ऐकवला. मग म्हातारी:

"तवा पन तुमीच सांगला. आता पन तुमीच सांगता. एक काय ते सांगा, बाई."

हे डॉक्टरने सांगितलंय, म्हटलं.

"तवा कोणी सांगलेला?"

जाऊबाईंचं नाव घ्यावंसं वाटलं. नाही घेतलं.

येसू इतका वेळ जमिनीकडे बघत होती. तिने विचारलं, "तुमी खाता का?"

खोटं बोलता आलं असतं. नाही म्हटलं. जानेवारीपासून नाही खाल्लं.

तिने रुमाल सारखा केला. चहा आला, कोरा, गूळ घातलेला. प्यायले आणि निघाले.

१३ फेब्रु., शुक्र.
दुकानातून वड्या आणल्या. भिजवल्या, पिळल्या, कांद्यावर परतल्या. नेहमीसारख्या. हे शाळेतून शिकवून आले, ताट वाढलं, ह्यांनी खाल्लं. मी घास तोंडात घेतला आणि तो तोंडातच फिरत राहिला. शेवटी वाटीत काढला.

"डॉक्टरने चालतं सांगितलं ना?"

सांगितलं. कळलं पण. गिळवत नाही त्याला काय करू.

ह्यांनी माझं ताट ओढून घेतलं, उरलेलं स्वतः संपवलं. वरणभात वाढला मला. एवढंच. बोलणारा माणूस नाही हा, आज बरं वाटलं त्याचं.

गो. घेतली.

१४ फेब्रु., शनि.
सकाळी उरलेल्या भाजीतल्या दोन वड्या खाल्ल्या. उभ्याने, ओट्याशी, नाक दाबून औषध घ्यावं तशा. राहिल्या पोटात.

दाभोशात माता बैठक. वजनकाटा, तक्ते, सेविका बोलली, मग मी. वीस वर्षांत असं वाक्य कधी बोलले नव्हते. मी चुकीचं सांगितलं. न विचारता सांगितलं. वडी पोरांना द्या, तुम्ही खा, येसूनेही खावी.

एक पोर रडत होतं, ते रडत राहिलं. मग सुमन पोटावर हात ठेवून: "मंग माझ्या पोराला काय नाय ना होनार?"

"नाही. खा."

"आज खाऊ?"

"आजच खा."

मागून एक म्हातारी म्हणाली, बाईंचं आता काय खरं नाय. हसल्या दोघीतिघी. हसू दे.

येसू दारापर्यंत आली. म्हटलं, आज मी खाल्ल्या. दोन. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"डाळ खाते मी. अंडी खाते. वडीचा नका सांगू आता. होईल तवा खाईन."

बरं म्हटलं.

१७ फेब्रु., मंगळ.
येसूबरोबर नाशिक. काशिनाथला काम होतं, मीच गेले. मोखाड्यानंतर तिला उलटी, गाडी थांबवावी लागली, मागचा एक जण कुरकुरला, त्याच्याकडे नुसतं बघितलं.

वजन सव्वा किलो वाढलंय. रक्ताचा रिपोर्ट यायला दोन तास, बाकावर. दोघी आपापल्या दुखऱ्या बाजूला कललेल्या, मी डावीकडे, ती उजवीकडे. रिपोर्ट काठावर. डॉक्टरने बराच वेळ बघितला, मग डोस द्या म्हणाली. पुढचा तीन आठवड्यांनी, वजन टिकलं तर. येसूने हात पुढे केला, सिस्टरला शीर लवकर सापडेना, तीनदा टोचलं. ती छताकडे बघत होती.

परतताना खिडकीची जागा तिला दिली. त्र्यंबक गेलं. वाटलं झोपली. डोळे मिटलेले होते, तसेच मिटून बोलली.

"बाई, सोयाबीननी नाय झाला ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

घाटात गाडीने दोन वळणं घेतली.

"मंग मला कशानी झाला? मी काय केला असंल?"

तू काही केलं नाहीस, म्हटलं. पटकन म्हटलं. ती वाट बघत होती पुढच्या वाक्याची. कशाने झालं ते ऐकायला थांबली होती. माझ्याजवळ ते वाक्य नाही. मलाही कोणी सांगितलेलं नाही.

माहीत नाही येसू, म्हटलं.

तिने मान हलवली. डोकं खिडकीला टेकवलं, गाडी हादरत होती तरी तिथेच ठेवलं.